दुसऱ्याच्या वाफ्यातलं पाणी

मथुरा आत्याच्या जिभेबद्दल धरमतरच्या खाडीकाठी जे सांगतात, त्यातलं निम्मंच खरं धरलं तरी शास्त्रज्ञांची पंचाईत होते. मिठागराच्या वाफ्यात करंगळी बुडवायची, जिभेला लावायची आणि सांगायची, हे अष्टमीच्या भरतीचं पाणी, ह्याला मीठ धरायला अजून चार दिवस, तेही वारा उत्तरेचा राहिला तर. एकदा एक सरकारी अधिकारी काचेचा तरंगता काटा घेऊन खारटपणा मोजायला आला. काट्यानं आणि आत्यानं एकच आकडा सांगितला. साहेब खजील झाला. त्यानं गुपचूप बोटातली लग्नाची अंगठी वाटीतल्या पाण्यात बुडवून काढली आणि वाटी पुढं केली. आत्यानं चाखलं आणि पदरानं ओठ पुसले.

"सायेब, पानी त्योच हाय. पन सासरच्यांनी तुमाला फसवला."

साहेब पुन्हा त्या गावात आला नाही. अंगठी वितळवून पाहिली असं म्हणतात.

गाव कोपरखार. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे मिठाची बारा आगरं आणि त्यांच्यावर पोसलेली साठेक घरं. ह्या गावाची पाणी चाखायची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घसरलं. आपल्या वाफ्यातलं पाणी असेल तर तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं आणि काय असेल ते तोंडावर बोलायचं. पण दुसऱ्याच्या वाफ्यावर गेलात आणि त्यानं आग्रहानं चाखायला दिलं, तर थुंकायचं नाही. गिळायचं. घसा जळाला तरी गिळायचं आणि म्हणायचं, "चांगला हाय पानी." दुसऱ्याच्या पाण्यात खोट काढणं म्हणजे त्याच्या ओसरीवर बसून त्याच्या पोरीला नावं ठेवण्यासारखं.

हर्षल मोकल आत्याच्याच हाताखाली वाढला. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली आणि बाप बार्जवर कामाला लागला, तो वर्षातून दोनदा दिसायचा. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिनं पोराला बांध घालायला शिकवलं, उघाडीची फळी उचलून भरतीचं पाणी आत घ्यायला शिकवलं, आणि चाखायलाही शिकवलं. पण चाखणं त्याला अर्धंच आलं. पाणी तोंडात पडलं की पोरगं लगेच पचकन थुंकायचं.

"अरे, धर तोंडात! खारट लगेच कलतो. कडू मागनं येतो, जिभेच्या मागल्या अंगाला. थांब थोरा."

"कळलं ना खारट. बास."

"तुना घाई कसली, समुद्र पलून चाललाय?"

हर्षल थांबला नाही. शाळेत पहिला आला, कॉलेजात पहिला आला, समुद्रविज्ञानाचा डॉक्टर झाला. कडू मात्र राहून गेलं.

आता ज्या काळाची गोष्ट आहे तो पुढचा आहे, पण फार पुढचा नाही. घरोघरच्या शेगड्या आठवड्यातून तीनच दिवस पेटत होत्या. आखाताकडून येणारा गॅस कधी युद्धात अडकायचा, कधी वाटाघाटीत. लोक वीज येईल तेव्हा भात लावत होते आणि वीज मनात येईल तेव्हा येत होती. अशा वेळी कुणी सांगितलं की आपल्याच समुद्राच्या तळाखाली जळणारा बर्फ आहे, तर देश त्याच्या तोंडाकडे बघत बसणारच.

जळणारा बर्फ ही थाप नव्हे. खोल समुद्रात पाण्याचा दाब प्रचंड आणि थंडी कायमची. तिथं तळाच्या चिखलातला मिथेन वायू आणि पाणी मिळून एक विलक्षण बर्फ तयार होतो. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरे करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात वायूचा एक रेणू कोंडून बसतो. हा बर्फ लिटरभर आणून वितळवला तर दीडशे लिटरांहून जास्त वायू बाहेर पडतो. काडी लावली की पेटतो आणि खाली ओंजळभर पाणी उरतं.

तो आहे हे सगळ्यांना माहीत होतं. किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जहाजावरून आवाज सोडला की तळाच्या खालून एक प्रतिध्वनी येतो आणि त्यावरून कळतं की इथं वायू आहे. पण बंद खोलीत कुणी खोकलं तर आत माणूस आहे एवढंच कळतं. एकटा म्हातारा आहे की अख्खं वऱ्हाड उतरलंय, ते खोकल्यावरून सांगता येत नाही.

हर्षलला तो आकडा काढायची युक्ती आठवली ती थेट वाफ्यावरची. बर्फ धरताना पाणी मीठ बाहेर टाकतं. म्हणून तो बर्फ वितळला की गोडं पाणी सुटतं आणि आसपासचं खारं पाणी फिकं होतं. म्हणजे तळाखालचा चिखल उबवायचा, पिळायचा आणि निघालेलं पाणी चाखायचं. समुद्रापेक्षा दहा टक्के फिकं लागलं तर चिखलाच्या पोकळ्यांत साधारण दहा टक्के बर्फ. त्यानं एक यंत्र केलं. तळावर चालणारं खेकड्यासारखं धूड, त्याच्या पोटातून अडीचशे मीटर खाली जाणारी सुई, आणि सुईच्या टोकाला चिमूटभर चिखल तापवून पिळणारी एक वाटी. वाटीत एकच संवेदक, फक्त खारटपणा मोजणारा. एकच असल्यामुळे यंत्र झपाट्यानं काम करायचं. दिवसाला वीस भोकं. हर्षलनं त्याचं नाव ठेवलं 'जीभ'.

दोनशे जिभा दोन वर्षं कोकणच्या समुद्रात चालत होत्या. जिथं टोचावं तिथं पाणी फिकं. आकड्यांची बेरीज झाली तेव्हा हर्षलनं ती तीनदा तपासली, चौथ्यांदा दार लावून तपासली. देशाला एकशे ब्याऐंशी वर्षं पुरेल एवढा वायू.

जाहीर करायच्या आदल्या दिवशी तो कोपरखारला आला. खिशात एक कुपी होती, समुद्राखालच्या चिखलातून पिळलेल्या पाण्याची. आत्या बांधावर बसून दंताळ्याचा दात बसवत होती.

"आत्या, माझं पाणी चाख. नशिबाला बरं असतं."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, बांधाखाली समुद्रतळ इंधन मंडळाची गाडी उभी. तिनं कुपी घेतली, तोंडात रिकामी केली, बराच वेळ धरली. आणि गिळली.

"चांगला हाय पानी," ती म्हणाली.

हर्षलनं तिला उचलूनच घेतलं. ज्या जिभेनं अंगठीतला कस सांगितला तिनं पाणी गिळलं होतं, थुंकलं नव्हतं! आनंदात त्याला एवढं सुचलं नाही की आत्यानं ते पाणी कुणाचं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून एकशे ब्याऐंशी हा आकडा देशात राहायला आला. रिक्षांच्या मागं रंगला. पेणेत एक खानावळ निघाली, 'हॉटेल १८२', तिथं तितक्याच रुपयांना थाळी. एका आमदारानं नातवाच्या बारशाला एकशे ब्याऐंशी पाळणे म्हटले, बाळ पंचविसाव्यालाच झोपलं. आणि समुद्रतळ इंधन मंडळानं वायू किनाऱ्यावर उतरवायला जागा शोधली. खाडी खोल, जमीन सपाट, घरं थोडी. कोपरखार.

ग्रामसभेत अडीचशे माणसं आणि एकच प्रश्न. आगरं भरावाखाली गेली की परत मिळत नाहीत, माती एकदा पडली की मीठ धरत नाही. म्हातारा गोमा घरत उभा राहिला.

"हर्षल, तू आमचा. सायबांचा आमी ऐकत नाय, तुजा ऐकतो. पानी खरा हाय ना?"

"काका, यंत्रानं चाखलंय," हर्षल म्हणाला. मग त्याला वाटलं, यंत्राचं ह्यांना काय? "आणि मथुरा आत्यानंही चाखलंय. माझ्यासमोर."

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. आत्या खांबाला टेकून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहिलं. भाच्याच्या पाण्याला भर गावात ती काय बोलणार होती? हात वर झाले. अकरा आगरं त्याच वर्षी द्यायची ठरली. बारावं, आत्याचं, खाडीच्या अगदी तोंडाशी होतं; ते शेवटी.

तीन वर्षांत अकरा आगरांवर लाल माती पडली आणि मातीवर पांढऱ्या टाक्या उभ्या राहिल्या. हर्षल आता मंडळाचा मुख्य शास्त्रज्ञ. गावात आला की पोरं त्याच्या गाडीमागे धावत. आत्या चहा द्यायची, कान तुटलेल्या त्याच्या जुन्या कपात. विचारायची, जेवलास का. पाण्याचं नाव दोघंही काढत नसत.

मग पहिल्यांदा खरं खोदकाम करायचा दिवस आला. रत्नागिरीच्या पश्चिमेला, जिथं जिभांनी सगळ्यात फिकं पाणी सांगितलं होतं तिथं जहाज उभं राहिलं. खोदकामाचा मुख्य होता लोबो, तीस वर्षं समुद्रात भोकं पाडलेला गोव्याचा माणूस. तळाखालून चिखलाचा लांबलचक दंडगोल दाबासकट वर आला. बर्फ असला तर तो चिखलाची उष्णता ओढून घेतो, म्हणून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तिथं निळे थंड डाग दिसतात. दाब सोडला की चिखल सोड्यासारखा फसफसतो.

कॅमेऱ्यात दंडगोल एकसारखा पिवळा दिसला. लोबोनं दाब सोडला आणि कान लावला.

"किदें रे डॉक्टर, ही माती तर गप्प बसलीय. रुसलेल्या सुनेसारखी."

"पुढचा काढ."

पुढचा काढला, त्याच्या पुढचाही काढला. नवव्या दंडगोलात सुपारीएवढा एक पांढरा खडा सापडला. लोबोनं चिमट्यात धरून काडी लावली. निळी ज्योत उठली आणि त्यानं तिच्यावर सिगारेट पेटवून घेतली.

"एकशे ब्याऐंशी वर्सां," तो धूर सोडत म्हणाला. "म्हाका एक झुरको मेळलो."

हर्षलनं चिखल स्वतःच्या हातानं पिळला. पाणी मोजलं. फिकंच होतं, जिभेनं सांगितलं होतं अगदी तितकंच. बर्फ नाही आणि तरी पाणी फिकं. त्यानं कुपी भरली आणि किनाऱ्याला लागल्या लागल्या कोपरखारची वाट धरली.

दुपारची वेळ. आत्या शेवटच्या उरलेल्या आगरात मीठ ओढत होती. तिन्ही बाजूंनी टाक्या, मधे तिचे चौदा वाफे आरशासारखे चकाकत होते. हर्षल बूट काढून बांधावर आला.

"आत्या, हे चाख. आणि खरं सांग."

तिनं दंताळं खाली ठेवलं. कुपी घेतली नाही.

"पानी कोनाचा?"

"माझं."

"तुजा म्हंजे कोनाचा? मंडलाचा? गारीतल्या सायबाचा?"

हर्षलला तेव्हा ते दिसलं. चार वर्षांपूर्वीचा इस्त्रीचा शर्ट दिसला, बांधाखालची गाडी दिसली, आणि आत्याच्या घशाखाली उतरणारा घोट दिसला. पाहुण्याचा घोट.

"आपलं," तो म्हणाला. "आपल्या वाफ्यातलं."

आत्यानं कुपी तोंडात रिकामी केली. डोळे मिटले. खाडीवरून एक बगळा आला, बांधावर बसला, कंटाळून उडून गेला, तरी ती धरूनच होती. मग मान वळवून ती थुंकली. जोरात, लांब.

"मेलेला पानी."

"म्हणजे?"

"समुद्रात गोडा पानी ओतला तर खारट कमी व्हतो, आनि कडूबी तवराच कमी व्हतो. बरोबरीनं. ह्याच्यात खारट थोरासा कमी हाय, आनि कडू हायच नाय. पार गेला. ह्यो पानी चिकनमातीत लई वरसं परून हाय. मातीनं ह्याचा कडू खाल्ला."

हर्षल बांधावर बसला. ती सांगत होती ते पुस्तकात होतं, त्यानं वाचलंही होतं. समुद्राच्या पाण्याचा कडवटपणा मॅग्नेशियमचा. बर्फ वितळून सुटलेलं पाणी सगळ्याच क्षारांना सारखं पातळ करतं. पण तळाखाली चार-पाच किलोमीटरांवर चिकणमाती दाबली जाते, तापते, आपल्या अंगातलं गोडं पाणी सोडते आणि बदल्यात मॅग्नेशियम खाऊन टाकते. ते पाणी भेगांतून वर चढतं. फिकं, पण कडू नसलेलं. दुसरा संवेदक लावला असता, बोटभर लांबीचा, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यानं लावला नाही. खारट कळल्यावर पुढं थांबायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

"तेव्हा का नाही बोललीस?" त्यानं विचारलं.

"तवा तू पाव्हना म्हनून आयलास. आनि मना वाटला, एवरा मोठा यंत्र, त्यानं कडू बगितला असेल. मी कोन सांगनारी?" तिनं दंताळं उचललं. "सभेत तू माजा नाव घेतलास तवा उठनार व्हती. पन सगला गाव तुज्याकरं बगत व्हता, आनि तुजा चेहरा... पहिला नंबर आयलास तवा व्हता तसा."

हर्षलनं बांधावरच कागद काढून नवा हिशेब केला. सगळ्या फिक्या पाण्यातून मातीचं पाणी वजा केलं. एकशे ब्याऐंशी वर्षांचे उरले साडेतीन महिने.

"माज्या आगरावर माती कवा परनार?" आत्यानं विचारलं.

"पावसाळ्याआधी."

"मग जा, सांग त्यांना. हा एक तरी ऱ्हाईल. कोनाला मीठ करायचा शिकवायचा झाला तर एक तरी पायजे."

मंडळाचे अध्यक्ष सुधांशू वर्तक हे अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांचा आवाज कधी चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी हर्षलचा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"उत्तम काम आहे, मोकल. शंकेला जागाच नाही."

"मग जाहीर करूया, सर."

"काय जाहीर करायचं?"

"आकडा चुकला. माझा चुकला."

"तुमचा?" वर्तक हसले, अगदी मायेनं. "अहो, तो आकडा तुमचा होता तेव्हा खुशाल चुकवायचात. आता त्याच्यावर सहा बंदरं उभी आहेत. चार कारखाने त्याच्या भरवशावर कोळसा सोडून बसलेत. आखातवाले आपल्याशी जरा नमतं घेऊन बोलतात, का? आपल्याकडे एकशे ब्याऐंशी आहे म्हणून. तो आकडा आहे म्हणून आपल्याला बाहेरचा गॅस मिळतोय आणि लोकांच्या शेगड्या पाच दिवस पेटतायत. तुम्ही तो काढून घेतलात की परत तीन."

"पण तो खोटा आहे."

"पेटतोय ना?"

हर्षलनं अहवाल पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"तुम्हाला समिती हवी असेल तर नेमतो," वर्तक म्हणाले. "अहवालाला मुदत देऊ. एकशे ब्याऐंशी वर्षं." विनोद करून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्या शेवटच्या आगरात तुमच्या आत्या असतात, नाही का? त्यांचं काय करावं ह्याचा मी बरेच दिवस विचार करतोय. ते ठेवता येईल. वारसा म्हणून. 'पारंपरिक मिठागर', कंपाऊंडच्या आत, पाटी लावून. माती टाकायची गरज नाही. फक्त वातावरण जरा शांत हवं. आत्ता नवीन आकडे वगैरे नकोत."

चहा आला. हर्षलनं कपाकडे पाहिलं. सांगितलं तर अकरा आगरं परत येणार नव्हती. मातीखालून कुणी मीठ उगवत नसतं. गोमा घरत आता एका टाकीवर पहारेकरी होता, त्याला काय सांगायचं, काका, तुमचं आगर सुपारीएवढ्या खड्यासाठी गेलं? नाही सांगितलं तर एक आगर राहत होतं. आत्या म्हणाली होतीच, हा एक तरी ऱ्हाईल. हिशेब सोपा होता. सोपे हिशेब तो नेहमीच झटकन करायचा.

"लेखी द्याल?" त्यानं विचारलं.

"आत्ता देतो," वर्तक म्हणाले आणि खरोखरच दिलं.

तो कागद घेऊन कोपरखारला गेला. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"तुझं आगर राहिलं, आत्या! माती पडणार नाही. हे बघ, सही आहे."

"सांगितलास त्यांना? पान्याचा?"

"तुझं आगर राहिलं ना."

"मी इचारतेय, सांगितलास?"

हर्षलनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि चहा घेऊन आली. कान तुटलेल्या जुन्या कपात नव्हता तो. फडताळातला निळ्या फुलांचा कप होता, बशीसकट, जो बाहेरचं कुणी आलं की काढायची. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

मंडळानं शब्द पाळला. माती पडली नाही. आगराभोवती काचेची भिंत आली, रंगीत फरश्यांची वाट आली, चौदा वाफ्यांपैकी चार 'प्रातिनिधिक' म्हणून ठेवले आणि बाकी दहांवर वाहनतळ झाला. जेटीचा काँक्रीटचा धक्का नेमका उघाडीच्या तोंडावर आला, त्यामुळे खाडीचं पाणी आत यायचं बंद झालं. पण मंडळ काही कमी नव्हतं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा, त्यात नळाचं पाणी आणि मोजून टाकलेलं बाजारातलं शुद्ध मीठ. ते वाफ्यात सोडलं की उन्हानं पुन्हा मीठ धरायचं. तेच मीठ गोळा करून पुढच्या टँकरमध्ये टाकायचे. असं मीठ जगात कुठं पिकलं नसेल, दरवेळी तेवढंच.

उद्घाटनाला मंत्री आले. टाक्यांच्या पलीकडं एक उंच ज्योत लावली होती, एकशे ब्याऐंशी वर्षं न विझणारी. तिच्यासाठी मागच्या धक्क्यावर आखाताचं जहाज लागलं होतं. त्याच्या नावावर ताडपत्री टाकली होती, ती वाऱ्यानं सारखी उडत होती आणि दोन माणसं ती धरून उभी होती. गाव सगळा खुर्च्यांवर. गोमा घरत पहारेकऱ्याच्या टोपीत. हर्षल व्यासपीठावर, वर्तकांच्या शेजारी.

मग निवेदिकेनं आत्याचं नाव पुकारलं. आता मथुराबाई, ज्यांच्या जिभेनं शास्त्राला वाट दाखवली, त्या आपल्या स्वतःच्या वाफ्यातलं पाणी चाखून दाखवतील.

आत्या नवं लुगडं नेसून आली. मंत्र्यांनी चांदीच्या वाटीत वाफ्यातलं पाणी भरून पुढं केलं. कॅमेरे सरसावले. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना पुढं काढल्या, कारण आता काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या वाफ्यातलं पाणी आहे. घोळवेल, थुंकेल, आणि काय आहे ते तोंडावर बोलेल. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, मंत्र्यांसमोर, सगळ्या देशासमोर बोलेल. हर्षलनं खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, कधी नव्हे इतकं, त्याला ती थुंकायला हवी होती. त्याला जे जमलं नाही ते तिनं एका पिचकारीत करून टाकावं, एवढंच त्याला हवं होतं.

आत्यानं पाणी तोंडात घेतलं. डोळे मिटले. वारा पडला होता, ज्योत सरळ उभी होती. कडू शोधायला तिला वेळ लागणार होता, आणि ह्या पाण्यात ते सापडणार नव्हतं.

मग सगळ्यांना दिसेल असा तिचा गळा हलला. तिनं ते गिळलं.

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या, मग मागच्या. गावाच्या खुर्च्यांवरून एकही वाजली नाही. गोमा घरतनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

आत्यानं वाटी मंत्र्यांना परत दिली, तोंड पुसलं आणि व्यासपीठाकडे वळली. हर्षलपर्यंत आली, थांबली, पदर डोक्यावरून नीट घेतला. परक्या माणसासमोर घेतात तसा. आणि हात जोडले.

"चांगला हाय, सायेब," ती म्हणाली, "तुमचा पानी."